ज्या पाण्याची जिवाणी, त्याच पाण्यात

सुमतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला तो बाटलीभर पाण्यावरून.

शिनोलीत भांडणांना तोटा नाही. बांधावरून होतात, एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून होतात, लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसलं यावरून झालेलं भांडण तर दोन दोन पिढ्या पुरतं. पण हजारो कोसांवरच्या समुद्राच्या पाण्यावरून पेटलेली बाई शिनोलीनं तोवर पाहिली नव्हती.

निमित्त नातीचं. टीना पुण्याला राहून रशियन शिकली होती, आणि दोन हजार दोन सालच्या माघात तिला दुभाष्याचं काम मिळालं. पुण्यातल्या सह्याद्री जलसख्य मंडळाकडे मध्य आशियातले दोन पाहुणे यायचे होते, अरल नावाच्या समुद्राकाठच्या प्रांतातले. मंडळ त्यांना डिंभ्याचं धरण दाखवणार. मग धरणाच्या मधोमध लाँच उभी करून पाहुणे बरोबर आणलेलं त्यांच्या समुद्राचं पाणी धरणाच्या पाण्यात ओतणार. फोटो निघणार, टाळ्या वाजणार, दोन देशांचं पाण्याचं नातं जुळणार. टीनानं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. सुमतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"एका ठिकाणचं पाणी दुसऱ्या पाण्यात? आन् तेबी न गाळता? ह्यांना वाटंत कुणी शानं माणूस भेटलं न्हाई का?"

सुमतीबाई जैन. जैनांच्या घरी पाणी गाळून पितात हे सगळ्यांना ठाऊक असतं. गाळल्यावर पुढं काय, हे फार थोड्यांना. दुहेरी गळण्यातून पाणी घागरीत उतरलं की डोळ्यांना न दिसणारे जीव गळण्यावर राहतात. ते गळणं उलटं धरून गाळलेल्याच पाण्यानं हलक्या हातानं धुवायचं. हे जे धुवण, ती जिवाणी. आणि ती ज्या पाण्याची असेल त्याच पाण्यात परत सोडायची. विहिरीची विहिरीत, नदीची नदीत. या विहिरीची शेजारच्या विहिरीतसुद्धा नाही, कारण जीव ज्या पाण्यात उपजतो त्याच पाण्यात जगतो. वरून भसकन ओतायचीही नाही, आपटून मरतात. म्हणून सुमतीबाईंकडे सासूबाईंच्या हातची एक पितळी लोटी होती, तिच्या बुडाला बाहेरून कडी. वरच्या दोरीनं लोटी खाली सोडायची, पाण्याला टेकली की कडीची दोरी ओढायची. लोटी हळूच कलंडते आणि ज्याचा तो आपल्या घरी जातो.

आंबेगावच्या बाजारात, दुकानामागच्या दगडी विहिरीवर, सुमतीबाईंनी लग्न होऊन आल्यापासून हेच केलं. मग धरण आलं. विहीर बुडाली, दुकान बुडालं, देऊळ बुडालं, बाजार बसायचा तो चौक बुडाला. नवऱ्यानं, म्हणजे गुलाबचंदांनी, शिनोलीत रस्त्याकडेला पत्र्याचं किराणा दुकान टाकलं. यथावकाश नळ आला. आणि नळाला पाणी कुठलं, तर धरणाचं, म्हणजे आंबेगावच्याच डोक्यावरचं. त्याची जिवाणी मोरीत सोडायला सुमतीबाईंचा हात धजेना. त्यांनी हनुमंताला गाठलं.

हनुमंत धरणावर लाँच चालवायचा. तोही आंबेगावचा, गावाच्या खालच्या अंगाला त्यांची बौद्धांची वस्ती होती, तीही पाण्याखाली. रोज सकाळी सायकलवरून जाताना तो दुकानापुढं थांबायचा. सुमतीबाई झाकणाचा लहानसा डबा हँडलला अडकवायच्या. हनुमंत लाँचच्या काठावरून वाकून, हात कोपरापर्यंत पाण्यात घालून तो डबा रिता करायचा. या कामात तो कधी चुकला नाही, आणि एकदा बोलल्याशिवायही राहिला नाही.

"काकू, तुमच्या हिरीतल्या किड्यांचं बरं व्हतं. त्यांना माघारी जायाला पितळंची लोटी. आमच्या आयांना मातूर त्या हिरीच्या कट्ट्याला हात लावायची चोरी."

सुमतीबाईंना ते झोंबलं. त्या त्याच्यावरच उखडल्या की सकाळच्या पारी असलं बोलतात का. हनुमंतानं हसून पायडल मारलं. दुसऱ्या दिवशी डबा न्यायला थांबला तो काहीच झालं नसल्यासारखा. सुमतीबाईंना मात्र ते शब्द भाकरीतल्या खड्यासारखे लागत राहिले.

गुलाबचंदांचं गणित निराळंच होतं. थाप मारल्याशिवाय या गृहस्थांचं अन्न पचत नसे, आणि थाप अशी घडीव की ऐकणारा ती पुड्यात बांधून घरी न्यायचा. टीनानं त्यांना सांगितलं की त्या लोकांचा समुद्र तीस-चाळीस वर्षांत आटत आटत निम्म्याहून जास्त नाहीसा झाला. झालं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळीवर बसून, काळी टोपी नीट करत, गुलाबचंद गिऱ्हाइकांना समजावू लागले. समुद्र म्हणजे काय गाडग्यातलं ताक आहे का, मांजर पिऊन जायला? तिकडं आटत होता त्याच सुमाराला इकडं डिंभ्यात भरत होता. सालं जुळवून बघा म्हणावं. रात्रीतून कुणी आणला ते सरकारला ठाऊक. गेणभाऊ म्हणून एक चिकित्सक गिऱ्हाईक होतं, त्यांनी विचारलं की मग धरणाचं पाणी खारट का नाही. गुलाबचंदांनी साखर तोलता तोलता उत्तर दिलं की मीठ वाटेत हिमालयात सांडलं, सैंधव येतं कुठून मग? गेणभाऊ साखरेबरोबर ती बातमीही घेऊन गेले. आठवड्याच्या आत निम्मं शिनोली मानायला लागलं की गेल्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा देवळाच्या चौथऱ्याशेजारी जहाजाचं धुराडं दिसलं होतं.

कार्यक्रमाच्या आधी मंडळाचे अध्यक्ष कुंडलिकराव मोटार घेऊन शिनोलीत आले. पाहुण्यांना घरगुती जेवण द्यायचं होतं आणि टीनाचं घर वाटेवर पडत होतं. चहा घेता घेता त्यांनी आपलं लाँचवरचं भाषण वाचून दाखवलं. आवाज चांगला होता. ज्या निर्जन, ओसाड खोऱ्यात काटेरी झुडपांखेरीज काहीच नव्हतं, तिथं आज हा जलसागर हेलावत आहे, वगैरे.

"निर्जन म्हंजे?" सुमतीबाईंनी विचारलं.

"म्हणजे जिथं माणूस राहत नाही असं, आजी."

"आन् आमी कोण व्हतो?"

कुंडलिकराव हसले. लहान मुलानं चंद्र मागितल्यावर हसतात तसे. म्हणाले, भाषणाची भाषा असते, तिचा असा शब्दाशब्दाला अर्थ लावायचा नसतो. सुमतीबाईंनी त्यांच्याकडे भरपाई मागितली नाही, जमीन मागितली नाही, फोटोतली जागाही मागितली नाही. त्यांचं मागणं एवढंच की पाहुण्यांना एकदा, माइकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा की या पाण्याखाली आंबेगाव आहे. एक वाक्य. तेवढं म्हणायला श्वाससुद्धा पुरा लागत नाही. कुंडलिकरावांचं म्हणणं पडलं की परक्यांपुढं घरचं रडगाणं बरं दिसत नाही, आणि वेळही मोजका आहे. मग सुमतीबाईंनी विचारलं, कार्यक्रम माघातच का? वैशाखात घ्या, पाणी उतरतं, चौथरे वर येतात, सांगायचीही गरज नाही, ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल.

"वैशाखात चिखल दिसतो हो, आजी. फोटोला बरा नाही."

जाता जाता त्यांनी टीनाला बजावलं की लाँचवर फक्त माइकवर बोललं जाईल तेवढंच भाषांतर करायचं, तेवढं मात्र अक्षरन् अक्षर. अधलंमधलं बोलायचं नाही.

मोटार वळणावर दिसेनाशी झाली तरी सुमतीबाई दारात उभ्या होत्या. माझ्या घराला चिखल म्हणाला. जिथं मी सून म्हणून माप ओलांडलं, जिथं माझी पोरं रांगली, त्याला काटेरी झुडपं म्हणाला, आणि ते ऐकून वर मी त्याला दुसरा कप चहा दिला. त्या दिवशी त्यांनी घरातली सगळी पितळेची भांडी चिंचेनं घासली. शेजारणीला वाटलं, घरात लग्न निघालं.

गुलाबचंद घाबरले. बायकोचा राग त्यांना ठाऊक होता. तो दुधासारखा, वर येईपर्यंत कळत नाही आणि आला की चूल विझवून जातो. नातीचं पहिलंच काम आहे, तिच्या तोंडाकडे बघ, असं त्यांनी विनवलं. अखेर सुमतीबाईंनी शब्द दिला: जेवणाच्या वेळी तोंड उघडणार नाही. जेवण झाल्यानंतरचं कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

पाहुणे आले. त्यातला ओराजबाय म्हणून सत्तरीचा म्हातारा होता, रुंद गालफडांचा, जाळ्याच्या दोरांनी बोटं जाड झालेला. मुयनाक नावाच्या बंदरगावचा जुना कोळी. दुसरी वेरा, त्याच प्रांतातली डॉक्टरीण. तिचा चेहरा बघून शिनोलीच्या पोरांनी तिला दारातच चिनी ठरवून टाकलं. पाटावर मांडी घालायला दोघांनाही जमेना, तेव्हा पाठीशी तांदळाचं पोतं लावून दिलं. वेरानं लिंबाच्या लोणच्याची फोड अख्खी तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं दुसरी मागितली. सुमतीबाईंना ती तिथंच आवडली.

टीना मधे बसून एका कानानं रशियन घेत होती आणि तोंडानं मराठी देत होती. वेरा चिनी नव्हती. तिचे आजी-आजोबा कोरियन, रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला राहणारे. सदतीस साली वरच्या सरकारला वाटलं, हे लोक शत्रूला फितूर होतील. झाले नव्हते, होतील असं वाटलं. एका हुकमासरशी सगळ्यांना आगगाडीच्या मालडब्यांत कोंबलं आणि महिनाभर हाकत नेऊन मध्य आशियात जागोजागी उतरवलं. तिच्या घरच्यांच्या वाट्याला ओराजबायच्या नदीचं लव्हाळं आलं. वाटेत तिची एक आत्या गेली, तिला रुळाकडेला ठेवून पुढं जावं लागलं. लव्हाळ्यात त्या लोकांनी भात पिकवला.

आणि ओराजबायचे लोक तरी तिथले का? तेही वरच्या अंगाच्या दुसऱ्या नदीवरून कुणी कुणी रेटत रेटत खाली आणलेले. त्यांच्या जमातीचं नाव काराकल्पाक, म्हणजे काळ्या टोपीवाले. गुलाबचंदांचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि ते म्हणाले, मग आपलेच की पावणं, आधी का न्हाई सांगितलं? आमीबी राजस्थानातनं असंच सरकत आलो. ओराजबाय पहिल्यांदा हसला. पुढं खिवा म्हणून तिथलं राज्य होतं, त्याच्या खानानं या काळ्या टोपीवाल्यांकडून कालवे खणून घेतले आणि वर कर घेतला. मग झारची माणसं आली. त्यांच्यामागून उरल नदीकडचे दाढीवाले रशियन कोळी आले, त्यांनाही कुठल्याशा झारनं हुकूम मोडला म्हणून घरादारासकट हाकललेलं. कझाक, उझबेक, तुर्कमेन शेजारी होतेच. म्हणजे अख्खा प्रांत असा की निम्म्या घरांना कुणी ना कुणी ऊठ म्हणून आणून टाकलेलं. आणि समुद्र मात्र कुणालाही तू कुठला म्हणून न विचारता मासे द्यायचा.

माशांचं नाव निघालं तशी सुमतीबाईंनी ताटावरची माशी वारावी तसा हात हलवला, पण शब्द पाळला.

मग लांब मॉस्कोत कुणी तरी नकाशावर बोट ठेवलं: इथं कापूस. नद्या कापसाकडे वळल्या. समुद्र मागं हटायला लागला. मुयनाकच्या लोकांनी त्याच्यामागं कालवा खणत नेला, बोटी पाण्याला लागाव्यात म्हणून. खणत जावं तो समुद्र आणखी पुढं. अखेर कुदळी थकल्या आणि जहाजं वाळूत बसली, ती अजून बसलीच आहेत. गावात मासे डब्यात भरायचा कारखाना होता. समुद्र गेल्यावरही तो बंद पडला असं दिसू नये म्हणून सरकारनं दुसऱ्या समुद्रातले मासे हजारो मैलांवरून आगगाडीनं आणले, मुयनाकला डब्यात भरले आणि परत पाठवले.

गुलाबचंदांचा वरणात बुडवलेला घास तसाच राहिला. जन्मात पहिल्यांदा कुणाचं खरं त्यांच्या खोट्याच्या वर चढलं होतं. हे काही त्यांना सोसवेना. त्यांनी टीनाला सांगितलं की पाहुण्यांना सांग, तुमचा समुद्र गेला कुठं नाही, आमच्या डिंभ्यात आहे. टीना कानकोंडी झाली, पण सांगितलं, हिमालयात सांडलेल्या मिठासकट. ओराजबायनं सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. मग काही तरी बोलला.

"ते म्हणतात," टीना म्हणाली, "सापडला असेल तर ठेवून घ्या. बोटी घेऊन आम्हीच राहायला येतो."

हात धुताना ओराजबायची नजर खुंटीवरच्या लोटीवर गेली. बुडाला कडी कशाला, असं त्यानं विचारलं. टीनानं जिवाणीचं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं लोटी हातात घेतली, एक दोरी धरून दुसरी ओढली, लोटी कलंडली. पुन्हा ओढली. चार-पाच वेळा त्यानं तसं केलं आणि ती जागच्या जागी अडकवली.

उन्हं कलायच्या आत सगळे धरणावर पोचले. लाँचवर कुंडलिकराव, त्यांचा फोटोग्राफर, पाहुणे, टीना, गुलाबचंद. सुमतीबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या हातात एक कापडी पिशवी घेऊन चढल्या आणि फळीवर बसल्या. यजमानीण बाईला उतरा कोण म्हणणार? हनुमंतानं चाकामागून एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि लाँच सोडली.

पाणी काठोकाठ होतं. वर एक दगड दिसत नव्हता, एक चौथरा नाही. डोंगराच्या दोन सोंडा जवळ येऊ लागल्या तशी सुमतीबाईंना पायाखालची वाट कळायला लागली. हा घाटातून गावात शिरायचा रस्ता. इथं शिंप्याचं दुकान. कुंडलिकरावांनी माइक घेतला, कर्ण्यातून आवाज पाण्यावर घुमला: ज्या निर्जन, ओसाड खोऱ्यात काटेरी झुडपांखेरीज काहीच नव्हतं. टीनानं भाषांतर केलं, खाली बघत. हनुमंतानं कुणी न सांगता लाँचचा वेग कमी केला.

भाषण संपलं. ओराजबायनं कोटाच्या आतल्या खिशातून बाटली काढली, फोटोग्राफर गुडघ्यावर बसला, बूच निघालं. आणि सुमतीबाईंनी उठून बाटलीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"गाळल्याबिगर न्हाई."

कुंडलिकराव प्रसंगावधानी माणूस. त्यांनी लगेच माइकवरून जाहीर केलं की जलशुद्धीची ही आपली प्राचीन परंपरा आहे, आणि फोटोग्राफरला खूण केली. टीनानं तेही सांगितलं. सुमतीबाईंनी पिशवीतून पितळेचं पातेलं काढलं, त्यावर कोरं दुहेरी गळणं धरलं, समुद्राचं पाणी धार लावून गाळलं. मग गळणं उलटं करून, त्याच गाळलेल्या पाण्यानं हलकेच धुऊन, जिवाणी पिशवीतल्या झाकणाच्या डब्यात उतरवली. झाकण लावलं. फोटोग्राफरनं सगळं टिपलं. आता पाणी ओतायचं एवढ्यात सुमतीबाईंनी डबा ओराजबायच्या हातात दिला आणि त्याची जाड बोटं डब्याभोवती मिटवली.

"हे तुमच्या समुद्राचे जीव. हे इथं सोडायचे न्हाईत. जिथनं आणलं तिथं परत न्या, आन् वरनं टाकू नका, हात पाण्यात घालून सोडा."

हेही परंपरेतलंच असेल म्हणून कुंडलिकरावांनी माइक पुढं धरला होता. टीना सांगत होती तसा म्हाताऱ्याचा चेहरा बदलत गेला. त्यानं डबा कानाशी नेला, जणू आत काही ऐकू येईल. मग सावकाश बोलू लागला. पाहुणे बोलताहेत म्हटल्यावर कुंडलिकरावांनी खुषीनं माइक टीनाच्या हातात दिला.

कर्ण्यातून टीनाचा आवाज आला. "पाहुणे म्हणतात, हे पाणी आणायला ते समुद्राच्या वाळलेल्या तळावरून दिवसभर गाडीनं गेले होते. जीव परत नेतील. ते पोचेपर्यंत समुद्र आणखी कुठं गेला असेल ठाऊक नाही, पण शोधतील. आणि विचारतात की, आजी, तुमची विहीर कुठं आहे? तुम्ही जीव परत कुठं सोडता?"

कुंडलिकरावांचा हात माइकवर पोचायच्या आत तो सुमतीबाईंच्या हातात होता. जेवण तर केव्हाच झालं होतं.

"ही काय, खाली. ह्या लाँचच्या बुडाखाली. आंबेगावच्या बाजारात. घर, दुकान, हिर, देऊळ, समदं हितंच हाय, आन् माणसं व्हती. निर्जन न्हवतं."

"बुडाखाली न्हाई काकू," हनुमंत चाकावरून इतक्या मोठ्यानं म्हणाला की तेही माइकनं धरून कर्ण्यातून घुमवलं, "हिर वाईच पुढं. बुडाखाली आमची वस्ती हाय." आणि त्यानं इंजिन बंद केलं.

 टीनानं दोघांचंही रशियनमध्ये सांगितलं, अक्षरन् अक्षर. माइकवर बोललं ते भाषांतर करायचं, असा हुकूमच होता. वेरानं तोंडावर हात नेला. ओराजबायनं डोक्यावरची हॅट काढली आणि गाळलेल्या पाण्याचं पातेलं मांडीवर घेऊन तो खाली बसला. कुंडलिकरावांनी माइक मागितला. सुमतीबाईंनी पदराखाली धरला. कुंडलिकरावांनी घसा खाकरून माइकशिवायच सांगितलं की पाहुण्यांचा गैरसमज होतो आहे, सर्व लोकांचं योग्य तिथं पुनर्वसन झालेलं आहे. हे पाहुण्यांना सांग, असं त्यांनी टीनाला फर्मावलं, पण टीना म्हणाली की हे माइकवर नव्हतं, म्हणून भाषांतर करता येत नाही.

ओराजबाय पुन्हा बोलला, या वेळी थोडंच.

"ते म्हणतात, दुसऱ्याच्या घरावर पाणी ओतायचं तर घरच्यांना विचारायला हवं. खाली कुणाकुणाची घरं आहेत?"

हनुमंत चाक सोडून पुढं आला. माइककडे त्यानं हात केला नाही. सुमतीबाईंनीच तो त्याच्यापुढं धरला.

"हितं डोंगराएवढं पाणी वतलं, तवा आमाला कुणी इचारलं न्हाई. बाटलीभर वतायला इचारणारा हा पयलाच." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "सांग त्यांना. पयलं घर माझ्या बापाचं, सावळेराम त्याचं नाव. त्याच्या लगत चुलत्याचं. मधी बुद्धविहार, पत्र्याचा, पण आमी आमच्या हातानं बांधल्याला. आन् पुढं ती हिर. तिच्यावर आमाला पाणी भरू देत न्हवते, तेबी सांग."

टीना थांबली. तिनं आजीकडे बघितलं. गुलाबचंदांनी काळी टोपी काढून मांडीवर ठेवली. सुमतीबाईंच्या मनात बरंच काही येऊन गेलं: की तो सासऱ्यांचा जमाना होता, की एकट्या आपलीच विहीर तशी नव्हती, की आज पाहुण्यांपुढं हे कशाला. शेवटचं मनात आलं आणि त्यांना कुंडलिकरावांचाच आवाज आपल्या डोक्यात ऐकू आल्यासारखं झालं. त्या संतापल्या, आणि या वेळी नेमकं कुणावर ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"सांग," त्या म्हणाल्या. "व्हतं तसं सांग. भरू देत न्हवतो. कुणीच न्हवतं म्हणण्यापरीस तेवढं तरी खरं हाय."

टीनानं सांगितलं. मग घरं सुरू झाली. हनुमंतानं वस्ती पुरी केली, सुमतीबाईंनी बाजार घेतला. शिंपी, त्याच्या अंगाला कासार, प्रयागबाईचा भाजीचा ओटा, पिठाची गिरण. हनुमंत म्हणाला, गिरण अलीकडं, ओटा पलीकडं. सुमतीबाई म्हणाल्या, तू मला माझ्या दारापुढचं शिकवू नको. हनुमंत म्हणाला, काकू, तुमी दारातनं बघितलं, मी डोक्यावर पोती घेऊन चाललोय. गुलाबचंदांनी मधे पडून गिरणीला तीन मजले चढवले, ते दोघांनी मिळून उतरवले. ओराजबाय प्रत्येक नाव आपल्या तोंडानं पुन्हा म्हणून बघत होता, निम्मी मोडतोड करून, आणि पातेलं तसंच मांडीवर होतं. डोंगराची सावली पाण्यावर लांब झाली. चिवडा, पेढे, मंडळाचे हार, सगळं फळीखाली तसंच पडून राहिलं.

कुंडलिकरावांना ते बघवेना. उजेड चालला होता आणि फोटो एकच बाकी होता. त्यांनी फोटोग्राफरला जवळ बोलावलं, पाहुण्यांना धरून आणा म्हणाले, आणि पाण्याचा कोन कुठून चांगला येईल ते बघायला लाँचच्या कठड्यावरून पार कमरेपर्यंत बाहेर झुकले.

"अध्यक्ष," सुमतीबाई माइकवरून म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज सगळ्या खोऱ्यात फिरून आला, "तिकडं वाकू नका. खाली ठकूबाईचं न्हाणीघर हाय."

आणि निर्जन खोऱ्याचे कुंडलिकराव चटकन मान फिरवून दोन पावलं मागं सरले.